गुणफलक नसलेले मैदान

(१)
जिम्नॅस्टिक्स म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते : दहा सेंटिमीटर रुंदीच्या बीमवर तोल सावरणारी एक कोवळी मुलगी, समोर बसलेले पंच आणि फलकावर उमटणारे गुण. या चित्रालाच जिम्नॅस्टिक्सचा इतिहास मानणे म्हणजे क्रिकेटचा इतिहास आयपीएलपासून सुरू करण्यासारखे आहे. प्रस्तुत धागा त्या समजुतीच्या विरोधात आहे. तिच्या नेमक्या उलट टोकाला बसलेली एक भाबडी समजूतही आहे, तिचाही समाचार ओघाने घेतला जाईल.

(२)
पहिली समजूत अशी : पदक नाही, क्रमांक नाही, वयाची अट नाही, म्हणजे ती ‘खरी’ जिम्नॅस्टिक्स नव्हे, तो फावल्या वेळचा विरंगुळा. पण कालक्रम काय सांगतो? जिम्नॅस्टिक्सचा आंतरराष्ट्रीय महासंघ १८८१ साली बेल्जियममधील लीज शहरात स्थापन झाला. बेल्जियम, फ्रान्स आणि नेदरलँड्स हे तीन देश त्याचे संस्थापक. अध्यक्ष होते निकोलस क्युपेरुस. १९२४ पर्यंत तेच अध्यक्ष राहिले. आणि या गृहस्थांना स्पर्धा मुळीच मान्य नव्हत्या.

(३)
क्युपेरुस यांच्या मते व्यायामाचे मोल एकाने दुसऱ्याला हरवण्यात नव्हते. शेकडो लोकांनी एकत्र येऊन आपापली व्यायामपद्धती एकमेकांना दाखवावी, असा महोत्सव त्यांना हवा होता. महासंघाची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली ती १९०३ साली, अँटवर्पला. म्हणजे स्थापनेनंतर तब्बल २२ वर्षांनी, आणि अध्यक्षांच्या मनाविरुद्ध. ज्याला आज मुख्य प्रवाह म्हणतात तो मागाहून फुटलेला फाटा आहे. मूळ पात्र कोणते, हे जुने नकाशे उघडून पाहणाऱ्याला कळते.

(४)
स्त्रियांचे उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारे आहे. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना जिम्नॅस्टिक्सचे पदक पहिल्यांदा मिळाले १९२८ साली, ॲम्स्टरडॅमला. पण १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये डॅनिश स्त्रियांचे पथक मैदानात उतरले होते. ते प्रात्यक्षिकासाठी उतरले होते. त्याला गुण नव्हते आणि क्रमांकही नव्हते. स्पर्धेने ज्यांना दार उघडले नव्हते, त्यांना प्रात्यक्षिकाने वीस वर्षे आधी आत घेतले. पदकतालिका हाच ज्यांचा एकमेव दस्तऐवज असतो, त्यांच्या इतिहासात या स्त्रिया सापडतच नाहीत.

(५)
या धारेचा एक उगम स्वीडनमध्ये आहे. पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ साली स्टॉकहोममध्ये व्यायामशिक्षणाची मध्यवर्ती संस्था उभारली. शिक्षणासाठी, उपचारासाठी, सैन्यासाठी आणि सौंदर्यासाठी, असे व्यायामाचे चार भाग त्यांनी केले. त्यांतला उपचाराचा भाग विशेष लक्षात ठेवावा. आजारी, अशक्त, वाकलेल्या शरीरालाही व्यायामाचा अधिकार आहे, हे त्यात गृहीत होते. स्पर्धेला असे शरीर पहिल्या फेरीतच नको असते.

(६)
इथपर्यंतची मांडणी वाचून एखादा सुखावेल आणि म्हणेल : बघा, स्पर्धा वाईट, समूह चांगला, सारे जण हातात हात घालून निष्पापपणे व्यायाम करीत होते. ही दुसरी समजूत. ती पहिलीपेक्षा गोड आहे, म्हणून अधिक घातक आहे.

(७)
जर्मनीत फ्रीड्रिश लुडविग यान याने १८११ साली बर्लिनबाहेरील हाझेनहाइडे येथे खुले व्यायाममैदान सुरू केले. नेपोलियनने प्रशियाला लोळवले होते आणि यानला तरुणांची शरीरे त्या पराभवाच्या परतफेडीसाठी घडवायची होती. मैदान सर्वांना खुले होते, सर्वांचा पोशाख एकच असे, सर्व एकमेकांना एकेरीत हाक मारीत; हे सारे खरे. फ्रेंचांचा आणि ज्यूंचा द्वेष त्याच मैदानात वाढत होता, हेही तितकेच खरे. राज्यकर्त्यांना या गर्दीची धास्ती वाटली. १८१९ मध्ये यानला अटक झाली आणि प्रशियात या व्यायामावर बंदी आली. ती १८४२ पर्यंत टिकली.

(८)
आता १८९६. अथेन्समध्ये पहिले आधुनिक ऑलिंपिक भरले. यानच्या परंपरेतील ‘डॉइचे टुर्नरशाफ्ट’ ही जर्मन व्यायामसंघटना त्याला विरोध करून बसली. यामागे क्युपेरुस यांच्यासारखे काही तत्त्व होते, असे मानण्याचा मोह होतो. विरोधाचे खरे कारण निराळे होते. एका फ्रेंच माणसाने मांडलेला आंतरराष्ट्रीय खेळ या राष्ट्रवाद्यांना ‘जर्मन’ वाटत नव्हता. तरीही काही जिम्नॅस्ट गेलेच. पॅरलल बार आणि हॉरिझाँटल बार या दोन्ही सांघिक प्रकारांत ते पहिले आले. परतल्यावर त्यांचा सत्कार होण्याऐवजी संघटनेने त्यांच्यावर कारवाई केली.

(९)
त्या संघात दोन चुलतभाऊ होते : आल्फ्रेड फ्लाटो आणि गुस्टाव्ह फेलिक्स फ्लाटो. दोघेही ज्यू. आल्फ्रेडने पॅरलल बारच्या वैयक्तिक प्रकारातही पहिला क्रमांक मिळवला होता. पुढे त्याने आयुष्यभर व्यायामसंघटनेचेच काम केले. १९३३ साली नाझी सत्तेवर आले आणि याच संघटनेने ज्यू सदस्यांना बाहेर काढण्याचा नियम उत्साहाने स्वीकारला. दोघे भाऊ तेरेझिनच्या छळछावणीत उपासमारीने मेले. आल्फ्रेड १९४२ च्या डिसेंबरात, गुस्टाव्ह १९४५ च्या जानेवारीत.

(१०)
‘स्पर्धा नाही, म्हणजे भेदभाव नाही’ असे म्हणणाऱ्याने या दोन नावांपाशी थांबावे. हजारो माणसे एका तालात हात उंचावत असताना कोणाला त्या रांगेतून उचलून बाजूला केले आहे, हे प्रेक्षकांच्या सज्जातून दिसत नाही. रांग भरलेलीच दिसते.

(११)
डेन्मार्कच्या नील्स बुक याचीही गोष्ट अशीच दुधारी आहे. १९२० साली त्याने ओलेरुप येथे व्यायामाची लोकशाळा काढली. ताठरलेल्या शेतकरी शरीरांना लवचीक करणारी त्याची पद्धत जगभर गाजली. त्याच्या पथकाने दूर जपानपर्यंत दौरे केले. आणि हाच बुक हिटलरच्या जर्मनीचा उघड प्रशंसक होता. त्याची पद्धत वाईट होती, असे यातून सिद्ध होत नाही. पद्धत तिच्या प्रणेत्याला शहाणे करीत नाही, एवढे मात्र सिद्ध होते.

(१२)
लिंग यांच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली म्हणून १९३९ च्या उन्हाळ्यात स्टॉकहोमला ‘लिंगियाद’ भरली. अनेक देशांची हजारो माणसे आली. गुण नव्हते, पदके नव्हती. क्युपेरुस यांचे स्वप्नच जणू प्रत्यक्षात आले. जर्मन पथक ज्या जहाजाने आले त्याचे नाव ‘व्हिल्हेल्म गुस्टलॉफ’, नाझी राजवटीच्या ‘आनंदातून शक्ती’ या विरंगुळा-संघटनेचे मिरवायचे जहाज. सोहळा ऑगस्टच्या आरंभी आटोपला. १ सप्टेंबरला जर्मन फौजा पोलंडमध्ये शिरल्या होत्या.

(१३)
म्हणून काहीजण तिसऱ्या टोकाला जातात : सामूहिक कवायत म्हणजेच हुकूमशाहीची तालीम. उत्तर कोरियातील ‘अरिरांग’ची चित्रफीत पुढे करायची की वाद संपला! पण वाद तिथे संपत नाही. तेरेझिनपासून साठेक किलोमीटरवर प्राग आहे. या प्रश्नाचा कस लागतो तो तिथे.

(१४)
१८६२ साली प्रागमध्ये मिरोस्लाव्ह टिर्श आणि यिंद्रझिख फ्युग्नर यांनी ‘सोकोल’ ही संघटना काढली. सोकोल म्हणजे ससाणा. चेक भूमी तेव्हा हाब्सबुर्ग साम्राज्याखाली होती. गंमत अशी की चेक अस्मितेचे हे दोन्ही शिल्पकार जर्मनभाषक घरांत जन्मलेले होते आणि त्यांच्यापुढचा नमुनाही जर्मन व्यायामसंघांचाच होता. राष्ट्रवादाचा उसना माल असा सीमेपलीकडूनच येतो.

(१५)
सोकोलच्या मेळाव्याला ‘स्लेट’ म्हणतात. पक्ष्यांचा थवा एका जागी उतरावा तसा. पहिला स्लेट १८८२ साली व्ल्टावा नदीतील एका बेटावर झाला. सुमारे ७०० पुरुषांनी कसरती केल्या. १९०१ मध्ये स्त्रिया मैदानात उतरल्या. मेळावे इतके वाढले की विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात त्यांच्यासाठी स्ट्राहोव्ह टेकडीवर जगातले सर्वांत मोठे मानले जाणारे क्रीडागार बांधावे लागले. दोन लाखांहून अधिक प्रेक्षक मावतील एवढे. सोकोल सर्वांची होती काय? पूर्णपणे नव्हती. कामगारांनी १८९७ सालीच आपली वेगळी व्यायामसंघटना काढली, कारण सोकोलच्या ‘बंधुत्वा’त त्यांना मध्यमवर्गाचा वास येत होता.

(१६)
१९३८ चा स्लेट म्युनिक कराराच्या काही आठवडे आधी झाला. नाझींनी देश गिळल्यावर १९४१ च्या ऑक्टोबरात एका रात्रीत सोकोलच्या पुढाऱ्यांची धरपकड झाली आणि संघटना बेकायदा ठरवण्यात आली. पुढच्या वर्षी हायड्रिखला मारणाऱ्या छत्रीधारी सैनिकांना आसरा देणाऱ्यांत सोकोलचे सदस्य होते. एका तालात हात हलवायला शिकलेली माणसे आज्ञाधारकच होतात, हा सिद्धांत इथे पुरता तोकडा पडतो.

(१७)
१९४८ ची घटना तर मुद्दाम सांगावी अशी. फेब्रुवारीत कम्युनिस्टांनी सत्ता काबीज केलेली. जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष बेनेश यांनी राजीनामा दिला आणि त्यांच्या खुर्चीत क्लेमेंट गोटवाल्ड बसले. त्याच उन्हाळ्यात सोकोलचा अकरावा स्लेट होता. संचलन गोटवाल्ड यांच्या सज्जासमोर आले. संकेतानुसार सर्वांनी सज्जाकडे मान वळवून मानवंदना द्यायची. अनेक तुकड्या त्यांच्यासमोर येताच गप्प झाल्या, त्यांनी मान दुसरीकडे फिरवली. बेनेश यांच्या नावाचा घोष झाला. कवायतीचे सारे प्रशिक्षण ज्या एका हालचालीसाठी वापरता येते, तीच हालचाल सर्वांनी मिळून नाकारली. मान कोठे वळवायची हे ज्याला एकत्र ठरवता येते, त्याला कोठे वळवायची नाही हेही एकत्र ठरवता येते.

(१८)
सत्तेने अर्थातच धडा घेतला. हकालपट्ट्या झाल्या आणि काही वर्षांत सोकोल सरकारी क्रीडायंत्रणेत विरघळवून टाकण्यात आली. १९५५ साली त्याच स्ट्राहोव्हवर, त्याच पद्धतीच्या कसरतींसह ‘स्पार्टाकियाद’ सुरू झाली. निमित्त होते सोव्हिएत सैन्याने केलेल्या मुक्ततेच्या दशकपूर्तीचे. दर पाच वर्षांनी ती भरत राहिली. अपवाद १९७० चा. १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये घुसल्यानंतर एवढी माणसे एका मैदानात जमू देण्याची सत्तेचीच हिंमत झाली नाही. शेवटची १९८५ ला. मैदान एक, हालचाली जवळजवळ त्याच, कित्येकदा प्रशिक्षकही तेच. बदलला होता तो फक्त ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार.

(१९)
एक गोष्ट मात्र टीकाकारांनी प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. स्पार्टाकियादमध्ये लहान मुले आणि त्यांचे आईबाप यांची एकत्र कसरत असे, आणि असंख्य कुटुंबांसाठी ती आनंदाची आठवण आहे. हुकूमशाहीच्या मैदानात मिळालेला आनंद खोटा असतो, असे म्हणणे इतिहासाला सोयीचे असले तरी ते खरे नाही. राजवट कोसळल्यावर सोकोल पुन्हा उभी राहिली. १९९४ पासून प्रागमध्ये पुन्हा स्लेट भरू लागले. २०२४ मध्ये सतरावा झाला. आता तो स्ट्राहोव्हच्या मानाने फारच लहान अशा फुटबॉलच्या मैदानात मावतो. साठी ओलांडलेले आजी-आजोबा त्यात आजही उतरतात.

(२०)
या साऱ्या पार्श्वभूमीवर ‘जिम्नेस्ट्राडा’चा जन्म पाहावा. १९४० च्या मे महिन्यात जर्मन बाँबवर्षावाने रॉटरडॅमचे हृदय जळून गेले होते. त्याच शहरात १९५३ साली पहिली जागतिक जिम्नेस्ट्राडा भरली. कल्पना डच व्यायामसंघटक सोमर यांची. जिम्नॅस्टिक्स आणि ‘स्ट्राडा’ म्हणजे रस्ता, असे दोन शब्द त्यात जोडलेले आहेत. प्रत्येक देशाच्या पथकांनी यावे, आपली कसरत सादर करावी, इतरांची पाहावी. पंच नाहीत, विजेता नाही. तान्ह्याला कडेवर घेतलेली आई, व्हीलचेअरवरचा तरुण आणि ऐंशीची आजी, तिघांनाही एकाच मैदानावर जागा. क्युपेरुस यांनी मागितले होते ते त्यांच्या महासंघाने असे सात दशकांनी दिले. स्पर्धेची सर्व हौस आधी भागवून घेतल्यावर.

(२१)
तेव्हापासून ती दर काही वर्षांनी भरते. डॉर्नबिर्न हे ऑस्ट्रियातील सुमारे ५०,००० वस्तीचे गाव. २००७ आणि २०१९ मध्ये तिथे जिम्नेस्ट्राडा झाली तेव्हा अठरा-वीस हजार पाहुणे उतरले होते. ऑलिंपिकला सारे खेळ मिळून साडेदहा-अकरा हजार खेळाडू असतात. आता सांगावे, विरंगुळा कोणता?

(२२)
पण महासंघाचे जुने दुखणे सुटत नाही. २००९ पासून त्याने ‘जिम फॉर लाइफ’ नावाचा नवा सोहळा सुरू केला आहे. तोही सर्वांसाठीच, फक्त इथे परीक्षक बसतात आणि पथकांना सुवर्ण, रौप्य, कांस्य अशी श्रेणी देतात. पदकाविना माणसे घाम गाळतील यावर संस्थेचा विश्वासच बसत नाही, असा याचा अर्थ लावावा लागतो. तोही २०,००० माणसे डोळ्यांसमोर असताना.

(२३)
जपानचा दाखला थोडक्यात. १९२८ मध्ये सम्राट हिरोहितोच्या राज्यारोहणाच्या निमित्ताने ‘राजिओ ताइसो’ म्हणजे रेडिओवरची कवायत सुरू झाली. युद्धकाळात ती साम्राज्याचे हत्यार झाली, वसाहतींवर लादली गेली. पराभवानंतर ती बंद पडली. १९५१ मध्ये नव्या रूपात परतली. १९९९ साली तिच्या जोडीला वृद्ध आणि अपंगांना करता येईल अशी ‘सर्वांची कवायत’ आली. तीत खुर्चीवर बसून करण्याचे प्रकारही आहेत. तोच पियानो, तोच ताल. पण आता खुर्चीवर बसलेल्या माणसाला रांगेबाहेरचे समजले जात नाही. एखादी परंपरा सुधारते म्हणजे काय होते, याचे याहून नेमके उदाहरण मिळणे अवघड.

(२४)
आता घराकडे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे मल्लखांब, कबड्डी आदींची प्रात्यक्षिके केली. ही गोष्ट समाजमाध्यमांवर वारंवार फिरते आणि दर फेरीला तिच्यात हिटलरच्या कौतुकाचा एक नवा तपशील वाढतो. हिटलरच्या प्रमाणपत्राची मल्लखांबाला गरज का पडावी, हे कोडेच आहे. याच मंडळाचे पथक १९४९ मध्ये स्टॉकहोमच्या दुसऱ्या लिंगियादलाही गेले होते. ती गोष्ट क्वचितच कोणी सांगतो. तिथे हुकूमशहा नव्हता आणि पदकही नव्हते, मग अभिमान बाळगायचा तरी कशाचा!

(२५)
मल्लखांबाची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली १९८१ मध्ये, उज्जैनला. त्याआधीची पिढ्यान्‌पिढ्यांची साधना गुणफलकाविना चालली होती. आजही मुंबईच्या शिवाजी पार्कवरील समर्थ व्यायाम मंदिरात दृष्टिहीन मुले मल्लखांब शिकली आहेत. एरंडेल चोळलेल्या लाकडाला डोळ्यांची गरज नसते. आणि लेझीम? आखाड्यातून निघून गणपतीच्या मिरवणुकीत आलेला तो अस्सल सामूहिक व्यायाम. त्यात आजोबा आणि नातू एका ओळीत खेळतात. त्याला जिम्नॅस्टिक्स म्हणायचे कोणाला सुचत नाही, कारण त्याची नियमपुस्तिका जिनिव्हा-लोझानहून आलेली नाही.

(२६)
याउलट शाळेचे मैदान पाहावे. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी जवळ आली की सामूहिक कवायतीचा सराव सुरू होतो. कागदावर ती स्पर्धा नसते. तरीही ‘रांग बिघडते’ म्हणून जाड मुलाला मागे ढकलले जाते, पाय ओढत चालणाऱ्या मुलीला ‘तू सावलीत बस’ म्हणून सांगितले जाते आणि दम लागणाऱ्याला पाहुण्यांच्या खुर्च्या मांडायला पाठवतात. पाहुण्यांच्या सज्जातून रांग सुरेख दिसते. बर्लिनमध्येही ती सुरेखच दिसत होती.

(२७)
पुढची जिम्नेस्ट्राडा २०२७ मध्ये लिस्बनला आहे. पात्रता फेरी नाही, गुण नाहीत. नोंदणी मात्र प्रत्येक देशाच्या राष्ट्रीय महासंघामार्फतच होते. पदकांची आकडेमोड करणाऱ्या भारतीय क्रीडाकारभाऱ्यांना त्या तारखा ठाऊक आहेत काय, आणि लेझमीचे एखादे पथक, त्यातल्या आजोबांसह आणि सावलीत बसवलेल्या मुलीसह, त्यांच्या दारात गेले तर त्याच्या हाती कोणता अर्ज ठेवला जाईल, हे विचारायला अजून वेळ आहे.